उत्तराची घाई नाही

अहल्याकाकू गेल्याच्या बातमीखाली अंगठ्यांची रांग लागली होती. कौमुदीला आधी अंगठेच दिसले. पिवळे, गुबगुबीत, सगळे एका मापाचे आणि सगळे वर केलेले. कुणाला तरी बढती मिळाली असेल, नाहीतर मकरपुऱ्याच्या कारखान्यातून एखादी मोठी ऑर्डर वेळेत सुटली असेल, असं वाटून तिने खांद्यावरची पर्स उतरवता उतरवता वरची ओळ वाचली. ‘अहल्या आज पहाटे गेली. आजारी होती हे काहींना माहीत...’ एवढंच. त्यापुढे तीन टिंबं आणि ‘पुढे वाचा’. पर्सचा पट्टा कोपरात तसाच अडकून राहिला. बडोद्याच्या सयाजीगंजातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात सकाळी असतो तसा फरशी पुसल्याचा वास होता, खालून स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षांचे भोंगे येत होते, मागच्या टेबलावर शिवांगी, काहीतरी पाठवून देते म्हणून, कुणाला तरी फोनवर ‘हा हा, मोकली आपुं छुं’ म्हणत होती, आणि समोर स्क्रीनवर त्या ओळीखाली आणखी एक अंगठा उगवला. रांगेच्या शेवटी, शिस्तीत, बस येण्याची वाट बघणाऱ्या माणसासारखा.

अंगठे देणाऱ्यांच्या मनात काही नव्हतं. हे तिला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच राग कुणावर काढावा ते सुचेना. सलीलने, म्हणजे तिच्या साहेबाने, तसा नियमच केला होता. कारखान्यातली वीज बंद राहणार असल्याची सूचना एकदा निम्म्या लोकांनी वाचली नव्हती आणि आख्खी पाळी हातावर हात ठेवून बसली होती, तेव्हापासून. ‘वाचलं की अंगठा द्या. अंगठा नाही, म्हणजे वाचलं नाही असं मी धरणार.’ नियम वाईट नव्हता. पण लोक नियमाला सरावतात. चालत्या स्कूटरवरून रस्त्याकडेचं देऊळ दिसलं की हात आपसूक कपाळाला लागतो, आत देव कुठला आहे ते कोण बघतं. तसे ते आता न वाचताच अंगठा देऊन पुढे जात. रावपुऱ्याच्या त्यांच्या गल्लीत लहानपणी कुणी अंगठा दाखवला की मारामारी व्हायची. ठेंगा. खेळायला घेणार नाही, बोरं देणार नाही, जा. तिला ते आठवलं आणि आठवल्याची लाजही वाटली. काकू गेल्या होत्या आणि आपण बोरांचा विचार करतोय.

या सगळ्या यंत्रणेची कौमुदी अ‍ॅडमिन. कंपनी रिफायनऱ्यांना लागणारे व्हॉल्व्ह बनवायची. ते बनवणारी, विकणारी, त्यांची बिलं करणारी माणसं ज्यातून एकमेकांशी बोलत ती सगळी दारं-खिडक्या तिच्या हातात. कुणाला खातं द्यायचं, कुणाचं बंद करायचं, कोण पासवर्ड विसरलं, कुणाच्या पेटीत जागा उरली नाही. अ‍ॅडमिन म्हणजे हिला नवं काही आलं की आनंदच होत असणार, अशी सगळ्यांची समजूत होती आणि तिने ती कधी मोडली नव्हती. मतं होती, पण ती मनातल्या मनात. तिला मेल आवडायचा. मेल म्हणजे कुणीतरी जिना चढून येतं, दारात चपला काढतं, आत कुणी झोपलं असेल म्हणून कडी न वाजवता बाहेरच टेकतं. आपण सवडीने दार उघडावं. ही नवी गप्पांची खिडकी सवड ओळखतच नसे, ती खांदा धरून हलवायची. आणि एकाच कागदावर सगळ्यांनी मिळून लिहायची ती सोय, जिथे दुसऱ्याच्या नावाची रेघ आपल्या अर्धवट शब्दाशेजारी येऊन लुकलुकत उभी राहते, ती तर तिला जेवताना कुणी ताटात वाकून बघावं तशी वाटे. अर्ध्या वाक्याला आडोसा लागतो. अंगावर पाजणाऱ्या बाईला लागतो, तसाच. बाळंतपणाची रजा संपवून ती परत आली तेव्हा प्रत्येकाच्या नावापुढे हिरवा ठिपका लागलेला होता. जागेवर असलात की हिरवा, नसलात की पिवळा. दुपारी ती दूध काढायचा पंप घेऊन जुन्या फायलींच्या खोलीत जाऊन बसे, कडी लावे, समोरच्या कपाटावरच्या धुळीकडे बघत बाटलीत पडणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकत राही, आणि बाहेर तिचा ठिपका पिवळा होई. ‘ताई, मघाशी पिवळ्या दिसत होता, बरंय ना सगळं?’ सलीलने एकदा अगदी काळजीने विचारलं होतं. त्यावर शिवांगी म्हणाली, ‘कौमुदीबेन, कावीळ झालीय तुम्हाला. उसाचा रस प्या.’ मग दोघी तोंडावर रुमाल धरून हसत बसल्या होत्या.

गुप्तेकाकांच्या वेळी ठिपके नव्हते. शरच्चंद्र गुप्ते तिच्या आधीचे अ‍ॅडमिन. खरं तर या ऑफिसचे पहिलेच. मेलचं यंत्र तेव्हा ऑफिसातच होतं, मागच्या लहानशा खोलीत, आणि उभ्या ऑफिसात एसी होता तो फक्त त्या खोलीला. बडोद्याच्या मे महिन्यात माणसं बाहेर शिजत आणि यंत्र आत गारव्याला बसे. कौमुदी शिकाऊ म्हणून आली ती अशाच एका मे महिन्यात, आणि पहिल्या दिवशी त्या खोलीचं दार ढकलून आत गेली तर यंत्राशेजारी स्टुलावर एक बाई मांडीवर रोवळी घेऊन गवार मोडत बसलेल्या. ‘ये गं, दार लाव पटकन, थंडी जाते,’ त्या म्हणाल्या. अहल्याकाकू. शाळेत शिकवायच्या, उन्हाळ्याची सुट्टी लागली की डब्याचं निमित्त करून येत आणि ऊन उतरेपर्यंत तिथेच बसत. हिशेबखात्यातली माणसं, भांडाराची माणसं, काही ना काही काम काढून आत डोकावत, दोन मिनिटं गारवा खात आणि त्याच्या बदल्यात मूठभर शेंगा मोडून देऊन जात. तापलेल्या तारा, गार वारा आणि कोवळी गवार यांचा मिळून एक वास त्या खोलीला होता. पुढे कुठेही भाजीवालीकडे गवारीचा वाटा उचलला की कौमुदीच्या कानात आधी यंत्राची घरघर सुरू व्हायची. आता यंत्र ऑफिसात नाही. ते कुठेतरी दूर, दुसऱ्याच कुणाच्या तरी जागेत आहे, आणि त्या खोलीला काचेचं दार लावून तिथे मीटिंगा होतात.

‘सगळे’ ही यादी काकांनी केलेली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी नाव. त्या एका पत्त्यावर लिहिलं की ऑफिसातल्या प्रत्येकाला पोचायचं. गुजराती मंडळींनीही ते नाव जसंच्या तसं उचललं. ‘सगळेमां नाखी दे ने,’ टाकून दे ना ‘सगळे’त, असं एकमेकांना सांगत. कुणाच्या स्कूटरचा दिवा चालू राहिलाय, कुणाचा डबा फ्रिजमध्ये तीन दिवस पडलाय, कुणाला मुलगी झाली, सगळं ‘सगळे’त. काकांनी काकूंनाही एक पत्ता करून दिला होता आणि यादीत घेतलं होतं. त्यांचा पहिला मेल अजून लोक तोंडपाठ म्हणतात. ‘गवार मोडून झाली. मी निघते. यांना म्हणावं आधी डबा खा.’ त्यावर भांडारातल्या फत्तेसिंहरावांनी सगळ्यांना दिसेल असं उत्तर दिलं होतं, ‘वहिनी, आम्ही मोडलेल्या शेंगा वेगळ्या ठेवा. त्यांत दोरे राहिलेत.’ मग दुपारभर ऑफिसात कामाऐवजी गवारीवर मेल येत राहिले. साहेब लोकांना उत्तर सगळ्यांना पाठवण्याची ही खोड आवडत नसे. काका म्हणत, ‘असू दे. कुणाकुणाला लिहिलंय ते प्रत्येकाला दिसलं पाहिजे. पंगतीत शेजारी कोण बसलंय, हे कळायला नको?’

आणि काकांच्या प्रत्येक मेलखाली एक ओळ असे. ‘उत्तराची घाई नाही.’ कशालाही. ‘यंत्र बंद पडलं आहे. उत्तराची घाई नाही,’ असाही एक मेल होता, त्याची लोकांनी पुष्कळ चेष्टा केली. कौमुदीने एकदा त्यांना म्हटलं होतं, ‘काका, दर वेळी हाताने कशाला लिहिता? सहीसारखी लावून टाकू का? आपोआप येत जाईल.’ ते चष्मा पुसत होते. ‘नको. लिहिताना कळतं ना, खरंच घाई नाही का ते.’ तिला तेव्हा ते म्हाताऱ्या माणसाचं विक्षिप्तपण वाटलं होतं. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांची आठवण म्हणून तिने ती ओळ स्वतःच्या मेलखाली घेतली. तिने मात्र ती आपोआप लागणारी ठेवली. तेव्हापासून तिचा प्रत्येक मेल ती ओळ घेऊन जातो, ती बघतही नाही.

काकांचा आणखी एक दंडक होता. माणूस निवृत्त झाला तरी ‘सगळे’तून त्याला काढायचं नाही, आणि काढायचीच वेळ आली, तर आधी त्याला सांगायचं. आपण स्वतः. फत्तेसिंहराव साहेबांशी भांडून नोकरी सोडून गेले त्या दिवशी वरून हुकूम आला होता की त्यांचं खातं ताबडतोब बंद करा. काका उठले, तीन मजले उतरून भांडारात गेले, त्यांच्यासोबत चहा प्यायले, वर आले आणि मग बंद केलं. कौमुदी त्यांच्यामागून गेली होती. दोघांत काही विशेष बोलणं झालं नव्हतं. ‘बंद करतोय, फत्तेसिंहराव.’ ‘करा ने.’ एवढंच. पण परत जिना चढताना काका तिला म्हणाले होते, ‘माणसाला दार बंद झाल्याचं दारावर आपटून कळू नये.’

‘सगळे’ नव्या यंत्रणेत हलवायचं काम रजेवरून परतल्यावर कौमुदीकडेच आलं. निवृत्त मंडळी कंपनीची नव्हती, त्यांना आत जागा नव्हती. तेव्हा तिने एक पूल बांधला. बाहेरच्यांनी जुन्या पत्त्यावर लिहिलं की ते इथे खिडकीत उमटायचं, आणि इथे दिवसभर त्यावर जे काही होई ते बांधून संध्याकाळी सहाला मेलने त्यांना जायचं. काका-काकूंच्या घरी ते एकट्या काकांच्या पत्त्यावर जाई. सलीलला तो पूल खुपत होता. ‘बाहेरचे पत्ते म्हणजे उघडं दार, ताई. काढून टाका,’ असं तो कधीपासून म्हणत होता, आणि ती ‘करते, करते’ म्हणून दिवस ढकलत होती. पाण्याची बाटली हातात घेऊन ती आत्ता त्या अंगठ्यांकडे बघत उभी होती तेव्हा तिला आधी फक्त शिसारी आली होती. दुसरी गोष्ट जरा उशिराने लक्षात आली. सहाला गोषवारा जाईल. निजामपुऱ्याच्या घरात काकांच्या जुन्या संगणकावर टिंग वाजेल, आणि त्यावर नावांसकट लिहिलेलं असेल की आपल्या संदेशाला या या मंडळींनी पसंती दिली आहे.

तिने यंत्रणेच्या पोटात शिरून बघितलं. आपण बांधलेला पूल, पण त्याला मध्येच थांबवायची कळ नव्हती. संदेश पुसावा, तर ‘तुमचा संदेश प्रशासकाने काढून टाकला’ असं त्यांना कळवलं जाणार. अंगठे मागे घ्यायला लावावेत, तर दिलेला अंगठा गोषवाऱ्यात नोंदला जाऊन बसलेला. एकच वाट होती. शरच्चंद्र गुप्ते हे नाव यादीतून काढून टाकणं. मग त्यांना काहीच जाणार नाही. अंगठे नाहीत, आणि दुसरंही काही नाही. जे ती इतके दिवस टाळत आली होती ते आजच, बायको गेली त्या दिवशी, आणि आपल्याच हाताने.

‘निहार,’ तिने शेजारच्या टेबलावरच्या पोराला हाक मारली. रेल्वे कॉलनीत वाढलेला, नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं. ‘तू हा अंगठा कशाला दिलास?’

‘कुठला, बेन?’ त्याने स्क्रीनवर बोट वरखाली केलं, वाचलं, आणि त्याचे कान लाल झाले. ‘अरे. मी तर... सलीलसर म्हणतात ना, द्यायचा म्हणून. वाचलंच नव्हतं, बेन. काढून टाकू?’

‘काढ.’

‘काढला.’ मग तो म्हणाला, ‘कोण होत्या?’

गवार मोडायच्या, असं सांगणार होती का? ‘आपल्या होत्या,’ ती म्हणाली.

सलील काचेच्या दाराच्या खोलीत होता. तिने त्याला दाखवलं. त्याने रांगेवर बोट ठेवून नावं वाचली, आणि शेवटी एका नावाशी थांबला. ‘मी पण दिलाय,’ तो म्हणाला. मान वर करून त्याने तिच्याकडे बघितलं नाही. ‘पुण्याला आमच्या शेजारच्या आजी गेल्या तेव्हा मी... जाऊ दे. मग काढा ना त्यांना, ताई. हे सहाच्या आत नाही काढलं, तर ते जाईल. मी काही घाई करत नाही, पण आज तरी.’ त्याचं म्हणणं बरोबर होतं. बरोबर माणसाशी भांडता येत नाही. ज्या जागी तो बसला होता तिथे पूर्वी स्टूल असे.

दुपारी ती फायलींच्या खोलीत जाऊन बसली. आईचा फोन येऊन गेला होता. रावपुऱ्याला तिची आई, मंदाताई, दिवसा तान्ह्या सानवीला सांभाळते. ‘दूध घेतलं गं, पण अर्धं टाकलं. तू वेळेत ये. आणि अहल्याबाई गेल्या म्हणे? चांगली बाई होती. आज मुलीला घेऊन तिकडे जाऊ नकोस हां.’ कौमुदी हं हं करत राहिली. कपाटावरच्या धुळीत कुणीतरी बोटाने फूल काढलेलं होतं. तिला इस्पितळातली खिडकी आठवली. सानवी झाली तेव्हा तिने पडल्या पडल्या एका हाताने ‘सगळे’ला दोन शब्द टाकले होते. ‘मुलगी. बऱ्या आहोत.’ आणि मग उत्तरं यायला लागली. एकेक, वेगवेगळं, प्रत्येकाच्या बोलण्याच्या पद्धतीचं. कुणी गुजरातीत, कुणी नुसती बडोद्यातल्या सोनाराची जाहिरात करावी तशी ‘लक्ष्मी आली’ म्हणून, कुणी बाळाचं वजन विचारत. अंगावर दूध नव्हतं उतरत, टाके ओढत होते, बाळ रडत होतं आणि आई डोळा लागून खुर्चीत लवंडली होती. त्या सगळ्यात तिला वाटलं होतं की बाहेर व्हरांड्यात बाकावर ही सगळी माणसं ओळीने बसलेली आहेत. आत येत नाहीत, पण आहेत. काकूंचा मेल सगळ्यांत लांब होता. पोट बांध, अळीव खा, मुलीचं डोकं रोज तेलाने भिजव, रडते म्हणजे फुप्फुसं तयार होतायत असं समज. आणि शेवटी, ‘उत्तर देत बसू नकोस. झोप.’ ती खरंच झोपली होती. फोन उशाशी, मुलगी कुशीत. काकूंना उत्तर द्यायचं मग राहूनच गेलं, आणि काकूंनीही कधी विचारलं नाही. मेल ही अशी गोष्ट होती की तिच्यात राहून गेलेलंही कुठे हरवत नसे, फक्त खाली खाली जात असे. बाटली भरत आली होती. बाहेर आपला ठिपका पिवळा झाला असेल, असं तिच्या मनात आलं, आणि प्रथमच त्याचं काही वाटलं नाही.

आधी सांगायचं. स्वतः सांगायचं. पण आज? दुपारभर ती फोन हातात घेई आणि ठेवून देई. सांगायचं तर आज त्या माणसाला हे सांगणं ही क्रूरता, आणि न सांगता काढायचं तर दार तोंडावर आपटणं. उन्हं खिडकीच्या गजांतून टेबलावर आली, चहा येऊन निवला. शेवटी, घड्याळाकडे बघून जेव्हा पुढे ढकलायला जागाच उरली नाही तेव्हा तिने निजामपुऱ्याचा नंबर लावला. मुलगा उचलेल, अनीश, म्हणजे निदान पहिलं वाक्य त्याच्याशी बोलता येईल, असं वाटलं होतं. फोन काकांनीच घेतला.

‘काका, कौमुदी बोलतेय.’

‘हं. बोल.’ आवाज नेहमीचा, फक्त कोरडा. ‘झालं सगळं. अनीश पोचला वेळेत, मुंबईहून. आत्ताच आंघोळी झाल्या. तू जेवलीस?’

‘हो.’

‘खोटं.’

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. शेजारच्या कुणी चहा-बिहा आणला असावा. ‘मी उद्या सकाळी येते,’ ती म्हणाली.

‘ये. पोरीला आणू नकोस, मंदाताई ओरडतील.’ ‘अजून काहीतरी आहे. यंत्राचं आहे. तुझा आवाज सर्व्हर बसल्यासारखा येतोय.’

तिने डोळे मिटून घेतले. ‘काका, तुम्हाला ‘सगळे’तून काढावं लागतंय. आज. सहाच्या आत. का ते आत्ता नका विचारू.’

पलीकडे कुणीतरी ‘साखर?’ असं विचारलं आणि काकांनी त्याला उत्तर दिलं नाही.

‘मी कधी कारण विचारलंय?’ ते म्हणाले. ‘सांगितलंस ना. झालं. काढ.’ तिला वाटलं आता ते फोन ठेवतील. पण त्यांनी ठेवला नाही. मग अगदी हळू, लहान मूल दुकानदाराला भाव विचारतं तसं, ते म्हणाले, ‘फक्त एक होतं. सकाळी निघायच्या आधी उघडून बघितलं, आल्यावरही बघितलं. एकही नाही आलं. म्हणजे लोक कामात असतात, बरोबर आहे. पण तू मला काढल्यावर ती उत्तरं कुठे येतील?’

बोलता बोलता तिचं बोट त्या ‘पुढे वाचा’वर गेलं होतं. सकाळपासून तिने तो मेल पुरता उघडलाच नव्हता. अंगठ्यांच्या वरची ओळ तेवढी वाचून ती यंत्रणेच्या मागे लागली होती. आता तो उलगडला. ‘अहल्या आज पहाटे गेली. आजारी होती हे काहींना माहीत होतं. दुपारपर्यंत सगळं आटोपेल. कोणी धावत येऊ नये, आपापलं काम करावं. शरच्चंद्र.’ खाली पांढरी जागा. तिने आणखी खाली बघितलं. मग पुन्हा वर जाऊन पुन्हा खाली आली. काकांची ती नेहमीची ओळ नव्हती.

‘मेलवर येतील, काका,’ ती म्हणाली. ‘जुन्या मेलवर. तुम्ही उघडून बसा.’

तिने त्यांचं नाव यादीतून काढलं. ‘नक्की काढायचं?’ असं यंत्रणेने विचारलं, तिने हो म्हटलं, आणि नाव गेलं. ना आवाज, ना काही. बाकीची निवृत्त मंडळी तिने तशीच ठेवली. त्यांना उद्यापासून एकेकाला फोन करायचा होता. मग तिने कोरा मेल उघडला आणि पत्ते लिहायला घेतले. आधी काकांचा, मग एकेक, हाताने, आठवतील तसे. हिशेबातले, भांडारातले, मकरपुऱ्याचे, बदली होऊन दहेजला गेलेले, मुलाकडे परदेशात जाऊन राहिलेले. फत्तेसिंहराव. प्रतापसिंह, जे गारवा खायला येत आणि एकही शेंग न मोडता जात. सलील. शिवांगी. निहार. अनीशसाठी तिने ‘अ’ टाइप केला, तर खाली लगेच अहल्याकाकूंचं नाव सुचवलं गेलं. यंत्राला काय माहीत. त्या घरात एकाच संगणकावर दोघांच्या पेट्या शेजारी शेजारी उघड्या असतात, हे तिला ठाऊक होतं. काकू मेल पाठवायच्या आणि काका त्याच खोलीत बसून तो वाचायचे. काकांनी यादीतून कधी कुणाला न सांगता काढलं नव्हतं. तिने तो पत्ता राहू दिला.

‘मंडळी,’ तिने लिहिलं, ‘अहल्याकाकू आज पहाटे गेल्या. गुप्तेकाका मेल उघडून बसले आहेत. दोन ओळी का होईना, लिहा. सगळ्यांना दिसेल असं लिहा.’

निहार मागे येऊन उभा राहिला होता. ‘बेन, मलाही टाकलंय तुम्ही. मी तर त्यांना ओळखत पण नाही. काय लिहू?’

‘तेच लिही,’ ती म्हणाली. ‘ओळखत नव्हतो म्हणून.’

तो मान हलवून गेला. तिने मजकूर पुन्हा वाचला, आणि तिच्या नावाखाली, न सांगता, सवयीने येऊन बसलेली ती ओळ तिला दिसली. उत्तराची घाई नाही. इतकी वर्षं ती तिथे होती आणि तिने आज बघितली. एका झटक्यात पुसता आली असती. तिने शेवटून सुरुवात केली, एकेक अक्षर, काका ज्या सावकाशीने ती लिहीत असतील त्याच सावकाशीने. ‘नाही’ गेलं, ‘घाई’ गेली, ‘उत्तराची’ गेलं. मग मेल पाठवला.

रिक्षात बसली तेव्हा सहा वाजून गेले होते. पर्स मांडीवर होती. कमाटीबागेच्या पुलावर पहिल्यांदा तिच्यातला फोन थरथरला. मग पुन्हा. नव्या खिडकीने सगळ्यांची मोट बांधून एकदाच घंटा वाजवली असती. हे मात्र मेल होते, प्रत्येक आपापल्या पायांनी जिना चढून येत होता. तिने फोन बाहेर काढला नाही. कुणाचं काय आहे ते आत्ता बघायचं नव्हतं. सूरसागराच्या कडेने रिक्षा वळली, पाण्यावरून वारा आला, पर्स पुन्हा हलली आणि ब्लाउजच्या आत दूध भरून येऊ लागल्याची ओळखीची कळ आली. सानवी आता गॅलरीत आजीच्या कडेवर रस्त्याकडे तोंड करून बसलेली असेल. मांडीवर ती थरथर चालूच होती, मध्ये थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. तिकडे निजामपुऱ्याला, त्या शेजारी शेजारी उघड्या पेट्यांवर, प्रत्येक उत्तराला दोनदा टिंग वाजत असेल.